अंधारात अडखळतो तो दारूडाच असतो काय?

चार वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत आम्ही काही कार्यकर्त्यांनी व्यसनमुक्तीचे काम हाती घेतले होते. दर रविवारी सकाळी दोघा-तिघांनी मिळून घरोघर जायचे, ज्याच्याविषयी तक्रार असेल त्याला समजावून सांगायचे, असा नेम. त्या यादीत एका तरुणाचे नाव वारंवार येई. वय तिशीच्या आसपास, महापालिकेत सफाई कामगार, वडिलांच्या जागेवर लागलेला. दिवसा वागायला अगदी सरळ. पण अंधार पडला की हा माणूस भिंत धरून चालायचा. गल्लीत कुणाच्या बादलीला पाय लागायचा, कुणाच्या ओट्यावर आदळायचा. एकदा उघड्या गटारात पडला. एकदा समोरून येणाऱ्या बाईच्या अंगावर गेला आणि तिच्या भावांनी त्याच्या दोन थोबाडीत ठेवून दिल्या. ओळखीच्या माणसाने हात केला तरी तसाच पुढे निघून जायचा. साऱ्या वस्तीने एकच निदान करून ठेवले होते, दारू.

आम्हीही तेच केले. त्याच्या घरी जाऊन पंचशीलातील पाचव्या शीलावर अर्धा तास बोललो. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी त्याची पत्नी आतून म्हणाली, "दादा, हे पीत नाहीत हो. पाहिजे तर तोंडाचा वास घेऊन बघा." आम्ही हसून वेळ मारून नेली. घरच्या बाया नवऱ्यावर पांघरूण घालतातच, असे आम्ही मनात म्हटले आणि पुढच्या घराकडे वळलो.

त्याच वर्षी वर्षावासात एका रात्री विहारात ग्रंथवाचन चालू असताना वीज गेली. कुणीतरी मेणबत्ती लावली. तेवढ्या उजेडात बाकीचे आपापल्या चपला शोधून निघाले. हा मात्र जागेवरच बसून. "चल रे," म्हणून आम्ही हात पुढे केला, तर त्याने आपला हात आमच्या हातापासून वीतभर बाजूला नेला. "दादा, मेणबत्ती लावली का कुणी?" त्याने विचारले. मेणबत्ती त्याच्या उजव्या अंगाला, दोन हातांवर जळत होती.

त्या रात्री त्याला घरी पोचवले तेव्हा त्याच्या आईने सांगितले की हे लहानपणापासूनचेच आहे. तिन्हीसांज झाली की पोरगा खेळ सोडून उंबऱ्यावर येऊन बसायचा. गावाकडच्या म्हाताऱ्यांनी ओळखले होते, रातांधळा म्हणून. मग बोकडाची कलेजी खाऊ घाला, गाजर द्या, शेवग्याचा पाला द्या, हे सगळे झाले. माऊलीने कित्येक वर्षे दर रविवारी कलेजी रांधून घातली. गुण आला नाही म्हणून पुढे त्याचा विषयच बंद झाला. लग्न जमवताना कुणी बोलले नाही आणि नोकरीत तर बोलायची सोयच नव्हती. नोकरी जाईल ही भीती.

यात आमचा दुसरा अपराध असा की हा मुलगा आम्हीच भरवलेल्या नेत्रतपासणी शिबिरातून गेला होता. दिवसाढवळ्या, स्वच्छ उजेडात त्याने भिंतीवरच्या तक्त्यावरील शेवटची ओळदेखील वाचली होती. कार्डावर शेरा पडला, नजर उत्तम. तो शेरा गल्लीत कळल्यावर लोकांची खात्रीच झाली. नजर उत्तम असून जो पडतो, तो पिऊनच पडत असणार!

दिवसा शेवटची ओळ वाचणारा माणूस रात्री आंधळा कसा होतो, हे पुढे सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी आम्हांला नीट समजावून दिले. डोळ्याच्या मागच्या बाजूला दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. तिथे दोन पाळ्यांत कामगार आहेत असे समजा. दिवसपाळीचे कामगार म्हणजे शंकूच्या आकाराच्या पेशी. त्या साधारण साठ लाख असतात आणि त्यांची गर्दी पडद्याच्या मध्यभागी असते. रंग ओळखणे, बारीक अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे ही त्यांची कामे. रात्रपाळीचे कामगार म्हणजे दंडाकार पेशी. त्या सुमारे बारा कोटी! रंग त्यांना कळत नाही, पण अंधुक उजेडात दिसते ते त्यांच्यामुळेच. या पेशी पडद्याच्या अगदी मध्यावर नसतातच, त्या सभोवार पसरलेल्या असतात. म्हणून रात्रपाळी संपावर गेली की दोन गोष्टी घडतात. अंधारात दिसत नाही आणि कडेचेही दिसत नाही. नाकासमोरचे मात्र भर उजेडात स्वच्छ दिसत राहते. तक्ता नाकासमोरच असतो. बादली, पायरी, बाजूने येणारी बाई आणि उजव्या अंगाची मेणबत्ती कडेला असते.

रात्रपाळीच्या या पेशींना कामाला एक रंगद्रव्य लागते आणि ते बनायला अ जीवनसत्त्व लागते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ जॉर्ज वाल्ड यांना या शोधासाठी १९६७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. म्हणजे कलेजी खाऊ घालणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या काही अडाणी नव्हत्या. कलेजीत अ जीवनसत्त्वाचा साठा भरपूर असतो. ज्याला जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे रातांधळेपणा आला आहे, त्याला ते मिळाले की दिसू लागते, आणि तेही लवकर. पण कच्चा माल कमी पडणे वेगळे आणि कामगारच मरत जाणे वेगळे. आमच्या या तरुणाचे दुखणे दुसऱ्या जातीचे होते. त्याला 'रेटिनायटिस पिगमेंटोसा' म्हणतात, डॉक्टर थोडक्यात 'आरपी' म्हणतात. यात रात्रपाळीच्या पेशी हळूहळू, वर्षानुवर्षे मरत जातात आणि दृष्टीचे वर्तुळ कडेकडून आवळत येते. शेवटी माणूस नळीतून पाहावे तसे पाहतो. दिवसपाळीवरही पुढे परिणाम होतो. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टरांनी आत पाहिले तर पडद्याच्या कडेला काळे ठिपके पसरलेले. मग दृष्टीचे क्षेत्र मोजण्याची तपासणी झाली. एका निरोगी डोळ्याला आडवे साधारण दीडशे अंशांपर्यंतचे दिसते. याचे वीस अंशांवर आले होते. असा माणूस रोज पहाटे, अंधारातच, हातगाडी घेऊन रस्ता झाडत होता. शेजारून गाड्या जात होत्या.

हा आजार आपण समजतो तितका विरळा नाही. जगात साधारण चार हजारांत एकाला तो असतो असे धरतात. नागपूर जिल्ह्यातील ग्रामीण भागात तीस वर्षांवरील लोकांची मोठी नेत्रपाहणी झाली, तिच्यात मात्र सुमारे साडेसातशे माणसांमागे एक असे प्रमाण आढळले. आजार आनुवंशिक आहे. बहुतेक वेळा आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच तो उमटतो. स्वतः आईबापांना काहीच त्रास नसतो आणि त्यांच्या प्रत्येक अपत्याला चारांत एक एवढी शक्यता राहते. नात्यात लग्न झाले की एकाच आजी-आजोबांकडून आलेले तेच जनुक दोन्ही बाजूंना असण्याचा संभव वाढतो. आमच्या या तरुणाची आई आपल्या आत्याच्याच घरात सून म्हणून गेलेली. आपल्यात अजूनही मामाची मुलगी म्हटली की हक्काची समजतात. हुंडा वाचतो, माणसे ओळखीची, पोरगी नजरेसमोर राहते, हे सगळे खरे. पण घराण्यात कुणी रातांधळा असेल, कुणी जन्मतः मुका-बहिरा असेल, तर या हक्कावर पाणी सोडावे असे आमचे स्पष्ट मत आहे. नात्यातले लग्न हे एकच कारण नव्हे, हेही तितकेच खरे. कधी एकाच पालकाकडून आजार येतो. कधी आईला काही नसते आणि तिच्याकडून तो मुलग्यांत उतरतो. तेव्हा कुणा एका बाईला पांढऱ्या पायाची ठरवू नये. मागच्या जन्मीचे पाप वगैरे बोलणाऱ्याला तर आपल्या घरात थाराच देऊ नये. एकाचे निदान झाले की सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तपासून घ्यावे. या तरुणाच्या धाकट्या बहिणीला तोच दोष निघाला. ती पदराआड लपवून होती, स्वयंपाक दिवसाउजेडी उरकून टाकायची.

औषध काय? या आजाराच्या बहुतेक प्रकारांना आज तरी औषध नाही. एका विशिष्ट जनुकाच्या दोषावर अमेरिकेत २०१७ साली जनुकोपचाराला मान्यता मिळाली. तेव्हा त्याची किंमत दोन डोळ्यांना मिळून साडेआठ लाख डॉलर ठेवली गेली. बाकीच्या प्रकारांना त्याचा उपयोग नाही. म्हणून 'रातांधळेपणा शंभर टक्के बरा' असे सांगून पेशी टोचणारे किंवा पुड्या देणारे जे कुणी भेटतील, त्यांच्यासाठी दागिना मोडू नका. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्याही मनाने खाऊ नयेत, जास्त झाल्या तर यकृताला अपाय होतो. गरोदर स्त्रीने तर जोराच्या मात्रेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकते.

पण वाचकहो, रातांधळेपणा म्हटले की आरपीच, असे मात्र धरून बसू नका. उपाय असलेली कारणे पुष्कळ आहेत आणि म्हणूनच तपासणी टाळणे परवडत नाही. आमच्या विहारात वाचनाला नेमाने येणाऱ्या एक आजी अचानक येईनाशा झाल्या. गुडघे दुखतात म्हणायच्या. खरे कारण असे की समोरून मोटारसायकलचा दिवा आला की डोळ्यांपुढे पांढरे फक्क व्हायचे आणि पुढची पायरी दिसायची नाही. मोतीबिंदू होता. शासकीय रुग्णालयात मोफत शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या वर्षावासात आजी पुन्हा पहिल्या रांगेत. कुणाला नुसता जवळच्या दृष्टीचा चष्मा लागलेला असतो. दिवसा चालवून घेतो आणि रात्री त्रास होतो. कुणाला काचबिंदू असतो, तो कडेची दृष्टी गुपचूप खात जातो आणि गेलेली परत देत नाही. मधुमेहाने दृष्टिपटल बिघडते. साठीनंतर अंधारात बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, त्यामुळे निरोगी म्हाताऱ्या माणसालाही जास्त उजेड लागतो. आणखी एक कारण व्यसनमुक्तीवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखे. अ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात असतो. दारूने यकृत सडले की हा साठाही बिघडतो. म्हणजे खरोखर पिणारा माणूस संध्याकाळी अडखळत असेल, तरी त्याचे डोळे तपासायला न्यावेच लागेल.

लहान मुलांचे आणि गरोदर बायांचे प्रकरण मात्र बरेचसे ताटातलेच आहे. घरात बाई सर्वांत शेवटी जेवते. भाजी संपलेली असते, अंडे मुलांना वाढून झालेले असते. मग गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तिला संध्याकाळी चूल-परडी दिसेनाशी होते आणि सासू म्हणते, पोटुशी बायांना असे होतेच. होते ते उपासमारीने होते. मुलाचे पाहायचे तर तिन्हीसांजेला ते खेळ सोडते का, ताटातला घास चाचपडते का, आईच्या पदराला धरून राहते का, एवढे पाहावे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका दिसला, बुबुळ कोरडे वाटले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ही हयगय झाली तर डोळा कायमचा जातो. गोवर होऊन गेलेल्या मुलाकडे तर विशेष लक्ष द्यावे. सरकारने १९७० पासून लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस देणे सुरू केले. आज नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीसोबत पहिला आणि मग दर सहा महिन्यांनी पाचव्या वर्षापर्यंत, असे एकूण नऊ डोस अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. पहिले एक-दोन घेऊन बाकीचे विसरणारी घरे आम्हांला आमच्याच गल्लीत सापडली. आहारात महागडे काही नको. शेवग्याचा पाला, माठ, मेथी, चवळीचा पाला, लाल भोपळा, पपई, अंडे, आणि जमेल तेव्हा कलेजी. पालेभाजीला चमचाभर तेलाची फोडणी हवीच, तेलाशिवाय हे सत्त्व अंगी लागत नाही.

गाजराचे फार कौतुक होते म्हणून जाता जाता सांगतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचे वैमानिक रात्री शत्रूची विमाने पाडू लागले तेव्हा त्यांना गाजरे खाऊन रात्री दिसते अशी बातमी सोडून देण्यात आली. खरे कारण विमानात बसवलेले रडार होते, ते जर्मनांना कळू द्यायचे नव्हते. ज्याला जीवनसत्त्व पुरेसे आहे, त्याने पोतेभर गाजरे खाल्ली तरी रात्रीची नजर वाढत नाही.

आता नोकरीचे. आम्ही स्वतः कारकून. आम्हांला डोळ्यांतले कळले नाही, पण फाईलीतले थोडे कळते. निदान झाल्यावर या तरुणाने पहिली विनंती केली, "दादा, ऑफिसात सांगू नका. काढून टाकतील." त्याच्या खात्यातील एका बाबूनेही स्वेच्छानिवृत्तीचा सल्ला दिलाच. बाबूने हा सल्ला दिला तेव्हा कायदा टेबलावरच्या ढिगाऱ्यात असेल, वाचलेला नसेल. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील कलम २०, पोटकलम ४ असे सांगते की सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर नेता येत नाही. सध्याचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे. तशी जागा नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचे. महापालिका आणि एसटीसारखी महामंडळे यात येतात. आणि दृष्टीचे क्षेत्र चाळीस अंशांहून कमी झाले असेल तर तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत असली तरीही कायद्याने ती अल्पदृष्टी होते. दहा अंशांहून कमी असेल तर अंधत्व. प्रमाणपत्र मागायला जाताना दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा कागद सोबत हवाच, नाहीतर नुसता तक्ता वाचायला लावून परत पाठवतात.

आम्ही अर्ज लिहिला, कलमाची प्रत जोडली, पोच घेतली. सात महिने खेटे घातले. आता तो दिवसपाळीला भांडारात आहे, झाडू, फावडी, हातमोजे यांची नोंद ठेवतो. पगार तोच. जे बंधू ठेकेदाराकडे झाडू मारतात, त्यांना मात्र या पोटकलमाचा आधार मिळत नाही. त्यांच्याविषयी युनियनवाल्यांनी बोलले पाहिजे, आणि ते बोलत नाहीत.

घरात आणि गल्लीत काय केले तेही सांगतो, कारण खर्च काहीच आला नाही. पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला. बादली, सायकल, खाट यांची जागा ठरली आणि ती बदलायची नाही असे मुलांना बजावले. मोरीकडे जाताना लहान दिवा रात्रभर चालू राहतो. त्याच्या खिशात बॅटरी असते, मोबाइलच्या उजेडापेक्षा ती बरी. उजेडातून एकदम अंधारात आल्यावर उंबऱ्यावर थांबायचे. निरोगी डोळ्यालाही अंधाराशी पुरते जुळायला वीस ते तीस मिनिटे लागतात, मग त्याला लागणारच. गाडीचा दिवा समोरून आला तर दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेकडे पाहायचे. सायकल किंवा मोटारसायकल रात्री चालवायची नाही, यात सूट नाही. सोबत जाणाऱ्याने त्याचा हात धरून ओढू नये, त्याला आपले कोपर धरू द्यावे आणि अर्धे पाऊल पुढे चालावे. पांढरी काठी घ्यायला तो वर्षभर लाजत होता, आता घेतो. काठीचा एक फायदा त्यानेच सांगितला. हातात काठी असली की धक्का लागलेला माणूस शिवी देत नाही.

शिबिराच्या अर्जात आम्ही आता एक ओळ वाढवली आहे, 'संध्याकाळनंतर चालताना अडखळता का?' प्रमाणपत्रासाठी कोणते कागद लागतात, ते पुढील अंकात सविस्तर देऊ.

भांडारातला त्याचा पहिला पगार झाला त्या रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो होतो. माफी मागायचीच होती, ती मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या दादा, तुम्ही निदान घरी येऊन तोंडावर बोललात." त्याच्या पत्नीने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "तेव्हाच वास घेतला असता तर एवढी वर्षावासाची वाट बघावी लागली नसती."